लोखंड्यादेवाचा सातिया

मी एक जुना देव आहे. धानाच्या बांधीत, धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कोपऱ्याला, कमरेपर्यंत जमिनीत रुतून मी पिढ्यानपिढ्या उभा राहिलो. माझ्यापुढे नारळ फुटले, कोंबडे कापले गेले, नवस बोलले गेले आणि त्यातले काही फळलेसुद्धा. चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी ज्या ज्या शेतात पोचतं, त्या त्या शेतात माझं नाव चप्पल काढून घेतात.

मित्रांनो, यातलं एकही वाक्य खोटं नाही. फक्त मी देव नाही. मी विमानातून खाली टाकायचा बॉम्ब आहे.

तसा दोन्हींत फार फरक नसतो. दोघांनाही लोक हात जोडतात, दोघांच्याही रागाला भितात आणि दोघांच्याही पोटात नेमकं काय आहे हे उघडून बघायला कुणी धजत नाही. माझी सगळी कथा या शेवटच्या गोष्टीची आहे. ती ऐकताना माझ्या फार जवळ बसू नका. सवयीनं सांगतो आहे.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. जगात मोठी लढाई चालू होती आणि माझ्यासारख्यांना मागणी होती. पत्रा वळवून माझी नळी केली, तोंडाशी निमुळती केली, मागे शेपटीची पाती लावली. मी मासोळीसारखा दिसत होतो. मग एका बाईनं नरसाळं लावून माझ्या पोटात काहीतरी ओतलं आणि झाकण घट्ट बसवलं. काय ओतलं ते मला दिसलं नाही. आपल्या पोटातलं आपल्याला दिसत नाही, हे तुम्हांलाही ठाऊक असेल. अंग जड झालं, एवढंच आठवतं. बाकीचं मी भोवतालच्या मंडळींकडे बघून समजून घेतलं. शेजारच्या रांगेत माझे थोरले भाऊ होते. ते मळकट हिरव्या रंगाचे, गप्प, आणि माणसं त्यांना उचलताना श्वास रोखून धरत. मला मात्र पांढराशुभ्र रंग दिला. मी समजलो, हा मान आहे. वरातीत नवरदेवाचा पोशाख वेगळा असतो, तसा.

कारखान्याच्या भिंतीवर एक चित्र लावलेलं होतं. त्यात काळ्या रंगाचं, तिरकं उभं केलेलं, चारही हात मोडलेलं एक चिन्ह आणि त्याच्यावर आदळणारी एक मूठ. कामगार येता-जाता त्या चिन्हाकडे बघून थुंकत. हे शत्रूचं चिन्ह. हे जिथे दिसेल तिथे पडायचं, असा मी माझा धर्म ठरवून टाकला. नवं लोखंड फार लवकर समजून घेतं. विसरायला मात्र त्याला जन्म लागतो.

मला पाठवलं भलत्याच दिशेला. जहाज, मग रेल्वे, मग बैलगाडी, आणि शेवटी गोंदियाजवळ बिरसीची धावपट्टी, जी त्या लढाईसाठीच नवी केलेली होती. ज्या विमानाच्या पोटात मला अडकवलं, त्याच्या पंखावर निळी चकती रंगवलेली होती. त्या चकतीच्या मधोमध पूर्वी लाल ठिपका असायचा. इकडच्या लढाईत समोर जो शत्रू होता त्याचं चिन्ह म्हणजे लाल सूर्य. लांबून बघणाऱ्याची गफलत होऊन आपलंच माणूस आपलंच विमान पाडील, म्हणून तो ठिपका पुसून टाकलेला होता. खूण बघून माणसं गोळी घालतात आणि मग खूण कुणाची ते ठरवतात, हे मी तिथे शिकलो. पुढे ते फार उपयोगी पडलं.

एका दुपारी आम्ही उडालो. ‘सरावाला निघालोय,’ असं वैमानिक म्हणाला. मोठ्या कामाला निघालेली माणसं असंच साधं बोलतात, हे मला माहीत होतं. जंगलावर आल्यावर इंजिन खोकायला लागलं. मग त्याचा घसा बसला. वजन कमी करायला मला सोडून दिलं. मी मोठ्या अपेक्षेनं खाली आलो आणि चिखलात घुसलो. शेपूट तुटली. बाकी काहीच झालं नाही. समोर पळसाच्या रानात विमान पडलं, त्याचा आवाज मात्र जमिनीतून माझ्यापर्यंत आला. विमानात दोघं होते. एक छत्रीनं उतरला. दुसरा उतरला नाही.

गोरे लोक आले, उतरला नव्हता त्याला घेऊन गेले, काही यंत्रं काढून नेली. उरलेलं विमान गावानं खाल्लं. खाल्लं म्हणजे खरोखर खाल्ल्यासारखं, हाडंसुद्धा ठेवली नाहीत. पत्र्यांचे पाण्याचे पाट झाले, गोठ्यांचे आडोसे झाले, तारांच्या दोऱ्या झाल्या. निळ्या चकतीचा पत्रा कवडू नावाच्या शेतकऱ्यानं घरी नेला आणि धानाच्या ढोलीवर, म्हणजे कणगीवर, झाकण म्हणून ठेवला. तो अजून आहे. ज्या चकतीखाली माणूस मेला तिच्याखाली ते घर आजतागायत धान साठवतं आणि कुणाला काही झालेलं नाही. हे मला त्या काळात फार अपशकुनी वाटायचं.

मला कुणी पाहिलं नव्हतं. मी चिखलाखाली वाट बघत पडलो होतो. कशाची, ते विचारू नका. बॉम्ब कशाची वाट बघतो?

काही पावसाळे गेले. चिखलणीच्या वेळी त्याच कवडूच्या नांगराचा फाळ माझ्यावर आदळला. मी म्हटलं, झालं. बैल थबकले. कवडूनं माती बाजूला केली, माझं पांढरं पोट बघितलं आणि मागे सरकून हात जोडले. मग मला ओढून धुऱ्याच्या कोपऱ्याला उभं रोवलं. त्याच साली म्हणे धान जोराचं आलं. झालो मी देव. लोखंडाचा म्हणून लोखंड्यादेव.

पहिल्या पूजेला कवडूची बायको शामकला आली. तिनं बोट शेंदरात बुडवलं आणि माझ्या कपाळावर एक उभी रेघ ओढली, एक आडवी ओढली, मग चारही टोकं मोडली. मित्रांनो, माझा थरकाप झाला. भिंतीवरचं ते चिन्ह! शत्रूनं मला पकडलं, खूण केली, आता काय ते बघायचं. पण तिनं चारही घरांत एकेक टिंब दिलं, उरलेला शेंदूर पदराला पुसला आणि मला म्हणाली, “बस इथं. पोरायले सांभार.”

शत्रू असं बोलत नाहीत, एवढं मला कळत होतं.

ती त्याला सातिया म्हणायची. पुढे मी तो सातिया सगळीकडे पाहिला. नव्या ढोलीवर, गाडीच्या जुवावर, नव्या सुनेच्या पाटाखाली, दिवाळीत उंबऱ्याशी, बाळाच्या पाचवीला भिंतीवर, आणि अलीकडे ट्रॅक्टरच्या बॉनेटवर. तो कुणाचा झेंडा नव्हता. कुणाला मारायला निघताना तो काढत नसत. काम सुरू करायचं असलं की काढत. चार बाजूंनी बरं होवो, एवढंच त्यात होतं. भिंतीवरचा तो काळा, तिरका, आणि हा सरळ बसलेला, लाल, टिंबं दिलेला. एकाच घराण्यातले दोघे, एकानं नाव कमावलं आणि दुसरा शेतात राबत राहिला, असं काहीसं.

पण सातियाबरोबर एक रीत आली आणि तिच्यामुळे माझ्या आयुष्यातून झोप गेली. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, पहिल्या दिवशी घरातली थोरली बाई सातिया काढायची आणि थोरला पुरुष नदीतला गोटा घेऊन मला तीनदा ठोकायचा. देवाला जागं करायला. मी बद्द वाजलो, भरलेल्या ढोलीसारखा, की साल भरलेलं जाणार. रिकाम्या डब्यासारखा टणकन वाजलो तर साल रिकामं. दर वर्षी तीन ठोके. दर वर्षी मी बद्द वाजलो. दर वर्षी लोकांनी आनंदानं गूळ वाटला. आणि दर वर्षी मी माझं पोट आवळून धरून मनात म्हणत राहिलो, या वेळी नको. या बाईसमोर नको. ते पोर फार जवळ उभं आहे, आता नको.

कवडू गेला, शामकला गेली. त्यांचा मुलगा ठोकायला लागला, तोही गेला. मग नातू केवळराम आला आणि त्याची बायको मंदाबाई. पांढरा रंग केव्हाच उडाला होता. आता गंज आतून आणि बाहेरून दोन्हीकडून मला खात होता. कातडी पातळ होत चालली होती. पोरं शाळेतून येताना माझ्या खांद्यावर बसून बोरं खायची आणि टाचा आपटायची. कापणीनंतर धुऱ्यावरचं गवत पेटवायचे, जाळ माझ्या बुडापर्यंत यायचा. मंदाबाई एकदा मला टेकून बसली आणि तिला डुलकी लागली. तिच्या श्वासानं माझं पोट हलल्यासारखं वाटलं. माझ्या पोटात मरण आहे आणि त्याला टेकून ही बाई झोपली आहे! एवढा भार देवालासुद्धा झेपत नाही.

आता हिमांशूकडे येतो. हा केवळरामचा पुतण्या. कुडव्याला त्याचं मोबाइलचं दुकान आहे आणि दुकानापेक्षा त्याचं चॅनल जास्त चालतं, म्हणजे दुकान फारसं चालत नाही. या वर्षी पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वीतभर झाली होती, तेव्हा तो गावी आला. ढोलीवरची निळी चकती त्यानं पाहिली, मग मला पाहिलं, मग माझ्या कपाळाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मोबाइल समोर धरून तो म्हणाला, “दोस्तों, यकीन नहीं करोगे! गोंदिया जिल्ह्यात हिटलरचा बॉम्ब!”

मित्रांनो, माझ्या आयुष्यात प्रथमच कुणीतरी मला बॉम्ब म्हटलं. मला वाटलं, सुटलो. आता लोक लांब जातील.

लोक जवळ आले. तिरोड्याहून आले, गोंदियाहून आले, मोटारसायकली धुऱ्यावर लावून पऱ्हे तुडवत आले. माझ्या खांद्यावर हात टाकून फोटो काढले. बॉम्ब आहे हे सगळ्यांना मान्य होतं. गावाचं म्हणणं, असेल बॉम्ब, पण आपला बॉम्ब आहे, एवढी वर्षं काही बोललेला नाही. प्रश्न एकच होता आणि तो माझ्या पोटाबद्दल नव्हता. कपाळाबद्दल होता.

गोंदियाहून दुर्गाप्रसादजी आले. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. छत्री घेऊन त्यांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि गंभीरपणे म्हणाले, “केवळरामजी, हा निशाण पुसून टाका. इसके नीचे लाखों लोग मारे गए हैं. बाहेरच्या देशात हे दिसलं तर लोकांच्या अंगावर काटा येतो.”

त्यांचं अर्धं अगदी खरं होतं. ते अर्धं मी कारखान्याच्या भिंतीवर पाहिलं होतं.

मंदाबाई बांधीतून चिखलाच्या हातांनी वर आली. “काऊन पुसाचा जी? तो माह्या हातचा होय. माही सासू काढे, तिची सासू काढे. तुमच्या त्या हिटलरले मी ओरखतही नाई.”

“बाईजी, मैं समझता हूँ, पण लोक गैरसमज करतील.”

“करू द्या. त्याईनं आमाले इचारून काढला होता का?”

हिमांशू मध्ये पडला. “मोठीमाय, तू गप राय ना थोडी. सातिया म्हनलं तर कोनी पाहत नाई. हिटलर म्हनलं तर पाहून राहिले लोकं.”

“मंग तुह्या दुकानावर काढ हिटलर,” मंदाबाई म्हणाली. “माह्या देवावर कायले?”

गर्दी हसली. दुर्गाप्रसादजीही थोडे हसले. एकानं मला थाप मारली. मी पोट आवळून धरलं.

त्यानंतर जे घडलं ते फक्त मला माहीत आहे. केवळराम हा मोजकं बोलणारा माणूस. देव, हिटलर, इतिहास यातल्या कशाशीही त्याचं भांडण नव्हतं. त्याचं दुःख पऱ्ह्यांचं होतं. रोपं तुडवली गेली तर रोवणीला लावायचं काय? एका सकाळी, उजाडताना, तो एकटाच रॉकेलचा बोळा घेऊन आला. इकडे तिकडे पाहिलं. हात जोडले. “माफ करजो बाप्पा,” म्हणाला आणि माझं कपाळ पुसून काढलं. शामकलेपासूनचे सगळे थर, एकावर एक बसलेले. खूण गेली की गर्दी जाईल, असा त्याचा हिशेब. मग बोळा कालव्यात फेकून तो चहा प्यायला घरी गेला.

मंदाबाईनं पाहिलं तेव्हा ती ओरडली नाही. ती खाली बसली. माझ्या कोऱ्या कपाळावरून बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाली, “कोन्या मेल्यानं पुसला गा?”

केवळराम दोरी वळत होता. त्यानं मान वर केली नाही. “आले असतील गोंदियाचे.”

“रोवनी तोंडावर आहे आन् देव कोरा. असा कसा लावू मी धान?” तिला हिटलरचं काही पडलेलं नव्हतं. सुनेनं सासूकडून घेतलेली एकच गोष्ट, जी तिला बिनचूक येत होती, ती कुणीतरी पुसली होती. जराशानं ती उठली. “आता असा काढतो का कोनाच्या बापाले पुसता नाई आला पाह्यजे. गजेंद्रले फोन लाव.”

गजेंद्र म्हणजे जावई. सडक अर्जुनीला हायवेवर ट्रकच्या चेसिस जोडण्याचं त्याचं वर्कशॉप. मंदाबाईचा बेत साधा होता, सातिया लोखंडाचाच करायचा. सहा सळ्या, माझ्या कपाळावर, वेल्डिंग करून.

केवळरामचा चेहरा पडला. हे फार होतंय, असं त्याला दिसत होतं. पण नको म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि का ते सांगायचं तर रॉकेलपर्यंत जावं लागलं असतं. तो म्हणाला, “लावतो फोन.”

रोवणीच्या पहिल्या दिवशी सकाळी जावई आले. पिकअपमध्ये मशीन, ग्राइंडर, सळ्या. जावई आले म्हटल्यावर गाव गोळा झालं. हिमांशू मोबाइलवर लाइव्ह चालू करून पुढे. रोवणीच्या बाया गुडघाभर चिखलात रोपांच्या पेंढ्या धरून थांबल्या, कारण सातियाशिवाय पहिलं रोप लागत नाही.

“जवाईबापू, पयले चहा तरी घ्या,” केवळराम म्हणाला. त्याला वेळ काढायचा होता.

“चहा मंग, मामाजी. लाइन गेली तर दिवसभर बसा लागन.” गजेंद्रनं मोटरपंपाच्या पेटीतून तार ओढली. ग्राइंडर सुरू केला आणि माझा गंज घासायला लागला.

मित्रांनो, तुम्ही कधी दाताच्या डॉक्टरकडे गेला असाल तर थोडंफार कळेल. ठिणग्या माझ्या अंगावरून चिखलात पडून चुर्र करत होत्या. कातडी पातळ होत होती, पातळ होत होती. मंदाबाई हातभर अंतरावर शेंदराची वाटी घेऊन उभी. तिच्यामागे अख्खं गाव. एवढी वर्षं मी ज्या क्षणाला पुढे ढकलत आलो तो वीज जोडून, चप्पल काढून, हळदीकुंकू घेऊन माझ्याकडे चालत आला होता. ओरडावंसं वाटलं. लोखंडाला तोंड नसतं. असतं तरी देवाचं कोण ऐकतं?

गजेंद्रनं अर्थिंगची पकड माझ्या मानेला लावली. डोळ्यांपुढे काळी काच धरली. “आत्याबाई, मांगं सरका,” तो सासूला म्हणाला. “डोरे दुखतीन.”

“सरय लाव,” मंदाबाई म्हणाली. “तिरपा नोको करजो.”

पहिली सळी. निळा उजेड. माझं कपाळ तापून लाल झालं. उभी रेघ लागली. मी मेलो नाही. दुसरी सळी. आडवी रेघ. बायांनी हात जोडले. तिसऱ्या सळीला, पहिला हात मोडून जोडताना, पत्र्यानं दम सोडला. माझ्या कपाळाला करंगळीएवढं भोक पडलं आणि त्यातून काहीतरी बारीक, भुरकट, कोरडं भुरभुर खाली गळायला लागलं.

गजेंद्रनं काच खाली केली. बघितलं.

“आमी टँकरले हात लावाच्या पयले इचारतो,” तो हळूच म्हणाला. “पोटात का भरलं होतं म्हून. इथं इचारलंच नाई मी. देव होय म्हून...”

“बारूद!” हिमांशू किंचाळला. त्याच्या मोबाइलमध्ये हजारो माणसांनी त्या दिवशी फक्त चिखल, आकाश आणि त्याची चप्पल पाहिली. सगळे पळाले. पेंढ्या टाकून, मशीन टाकून, बाया एकमेकींना ओढत कालव्याच्या दिशेनं धावल्या. केवळराम पळाला, मग थांबला, मग परत आला, कारण मंदाबाई तिथेच उभी होती. वाटी हातात, नजर माझ्यावर.

“चाल!” तो ओरडला.

“अर्धा राहिला,” ती म्हणाली. “एकच हात झाला.”

“मीच पुसला होता तो! रॉकेलनं! आता चाल!”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेपुढे मी काहीच नव्हतो. मग तिनं वाटी खाली ठेवली आणि दोघं पळाले. मी एकटा उरलो. माझं मरण भुरभुर गळत होतं आणि मी ते थांबवू शकत नव्हतो. मशीन अजून गुणगुणत होतं. मग लाइन गेली.

पोलीस आले, गाव रिकामं केलं, सगळ्यांना कालव्यापलीकडच्या शाळेत बसवलं. दुसऱ्या दिवशी बॉम्ब नाश करणारं पथक आलं. अंगात जाडजूड पोशाख, डोक्यावर काचेचा टोप घालून एक साहेब एकटे चालत माझ्याकडे आले. फार हळू. त्यांच्या चालण्यात मला माझ्या भावांना उचलणारी माणसं दिसली. खूप दिवसांनी कुणीतरी मला हवा तसा मान देत होतं. मला भरून आलं.

ते गुडघ्यांवर बसले. माझ्या बुडाशी साचलेल्या ढिगाकडे बराच वेळ बघत राहिले. मग चिमूटभर उचलून तळहातावर घेतलं. बोटानं पसरलं. फुंकर मारली. मग त्यांनी टोप काढला, घाम पुसला आणि लांब उभ्या असलेल्या साथीदारांना सांगितलं, “वाळू आहे.”

मी सरावाचा बॉम्ब होतो. खोटा. नेम धरायला शिकणाऱ्या पोरांसाठी. म्हणून पांढरा रंग, कुठे पडलो ते वरून दिसावं म्हणून. एवढी वर्षं मी दातावर दात दाबून जे धरून ठेवलं होतं, ती वाळू होती.

शाळेतून लोक परतले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर सुटका कमी आणि निराशा जास्त होती. हिमांशूनं ‘हिटलरच्या बॉम्बमध्ये वाळू’ असा व्हिडिओ टाकला, तो कुणी पाहिला नाही. खाली एकानं लिहिलं, हिटलर पहिल्यापासूनच फसवा होता. दुर्गाप्रसादजींनी फोन करून विचारलं, निशाण पुसला का? केवळराम म्हणाला, पुसला होता, आता एक हात लोखंडाचा आहे. त्यांना ते समजलं नाही. गजेंद्र मशीन घेऊन गेला. चहा राहूनच गेला.

मला सध्या पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात ठेवलं आहे, जप्त केलेल्या मोटारसायकलींच्या शेजारी. वाळू साहेबांनी जागेवरच ओतून दिली होती. मी आतून पूर्ण रिकामा आहे. काही दिवसांनी मंदाबाई आली. केवळराम फाटकाशी थांबला, त्याच्याशी ती अजून फार बोलत नव्हती. तिनं माझ्या कपाळावरच्या त्या अर्ध्या सातियावर हात फिरवला, मग बोटाच्या मागच्या पेरानं मला ठोकलं. मी वाजलो. टण्ण! देवळातल्या घंटेसारखा, आयुष्यात पहिल्यांदा.

तिचा चेहरा उतरला. “रिकामं केलं त्याईनं तुले,” ती म्हणाली. “आता साल रिकामं जाते.”

रोवणी तोपर्यंत उरकली होती. उशिरा, तुडवलेल्यातून वाचलेल्या आणि शेजाऱ्याकडून आणलेल्या पऱ्ह्यांवर. पहिलं रोप लावण्याआधी सातिया कुठे काढायचा यावर तिनं फार विचार केला नाही, असं केवळराम शिपायाला सांगत होता. समोर मोटरपंपाची पेटी होती. तिनं तिच्यावर काढला. सरळ, लाल, चार टिंबं देऊन. मी इतकी वर्षं समजत होतो की तो माझा आहे.

मित्रांनो, आता माझी एकच विनंती. शेतात, तलावात, जंगलात अनोळखी लोखंड सापडलं तर त्याला हात लावू नका, ठोकू नका, तापवू नका, त्याच्यावर बसून बोरं खाऊ नका. लांब व्हा आणि पोलिसांना कळवा. सगळेच माझ्यासारखे नसतात. माझे हिरवे भाऊ कुठे कुठे पडले आहेत ते मला ठाऊक नाही आणि ते अजून झोपलेले आहेत. आणि कुणाच्या कपाळावरची खूण बघून भांडायच्या आधी त्याच्या पोटात काय आहे तेवढं विचारून घ्या. माझ्याबाबतीत हे कुणी केलं नाही. मीही नाही.

राहिला प्रश्न रिकाम्या आवाजाचा. कापणी झाली, मळणी झाली, निळ्या चकतीचं झाकण ढोलीवर परत बसलं. या वर्षी धान नेहमीइतकंच झालं.